परसातील कोंबड्या : बराकपूरच्या ओल्या हवेतील पहिले वर्ष

हुगळी नदीच्या पूर्व तीरावर, कोलकात्याच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर बराकपूर हे जुने छावणीचे गाव वसले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते १८५७ च्या उठावामुळे येते; परंतु प्राणिशास्त्राच्या अभ्यासकास त्याची ओळख आणखी एका कारणाने असते. १८०४ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली याने येथील उद्यानात हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांच्या अभ्यासासाठी प्राणिसंग्रह उभारला आणि त्याची व्यवस्था फ्रान्सिस बुकॅनन या शल्यवैद्याकडे सोपवली. पुढे १८७६ मध्ये अलीपूरचे प्राणिसंग्रहालय उघडले आणि बराकपूरच्या संग्रहाचे महत्त्व संपले. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय त्या संग्रहातील दुर्मीळ पक्ष्यांपेक्षा फार साधा आहे. घरामागील दोनचार गुंठे परसात पाचसहा कोंबड्या प्रथमच पाळू पाहणाऱ्या कुटुंबास काय ठाऊक असावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. बराकपूर हे उदाहरण घेतले आहे ते तेथील हवेमुळे. उष्मा आणि ओल ही दोन्ही संकटे तेथे एकाच वेळी येतात. त्यामुळे तेथे जी व्यवस्था टिकते ती कोकणातही टिकेल, आणि देशावर तर ती आणखी सोपी होईल.

रानातील पूर्वज

कोंबडी कशी ठेवावी हे समजण्यास ती मूळची कोठली हे आधी समजले पाहिजे. १८४१ मध्ये एडवर्ड ब्लाइथ हा कोलकात्यास एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक म्हणून आला. येथील रानकोंबड्यांविषयी त्याने चार्ल्स डार्विनला पत्रांतून पुष्कळ माहिती पुरवली. तिचा आधार घेऊन डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, जगातील सर्व पाळीव कोंबड्या एकाच जातीच्या, म्हणजे तांबड्या रानकोंबड्याच्या, वंशज आहेत. आजच्या संशोधनाने हे मत बव्हंशी खरे ठरवले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार मुख्य पूर्वज हा नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील तांबड्या रानकोंबड्याचा एक पोटप्रकार आहे. मात्र एका बाबतीत डार्विनचा निष्कर्ष अपुरा होता. पुष्कळ कोंबड्यांच्या पायांची कातडी पिवळी असते. हा गुण तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ मध्ये दिसून आले. हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या रानात आजही आरवतो.

तांबडा रानकोंबडा बांबूच्या बेटांत व झुडपांच्या कडेला राहतो. तो दिवसभर पाचोळा उकरून किडे, बिया व कोवळे अंकुर खातो, धुळीत लोळून पिसे स्वच्छ करतो आणि तिन्हीसांजेला उंच फांदीवर जाऊन बसतो. मादी आडोशाला जमिनीवर थोडीशी अंडी घालते आणि ती उबवू लागली की नवी अंडी घालणे थांबवते. आपल्या परसातील कोंबडीच्या अंगी हे सर्व संस्कार कायम आहेत. तिला उकरण्यास कोरडी जमीन, लोळण्यास धूळ, रात्री बसण्यास उंच दांडी आणि अंडी घालण्यास अंधारा कोपरा हवा असतो. या चार गोष्टी मिळाल्या नाहीत तर ती आजारी पडत नाही हे खरे. पण मग ती दुसरीची पिसे उपटते, अंडी फोडते आणि रात्री शेजाऱ्याच्या आंब्यावर जाऊन बसते.

किती व कोणत्या

आरंभ पाच किंवा सहा तलंगांनी करावा. कोंबड्याची गरज नाही. अंडे घालण्यासाठी नर लागतो हा समज फार पसरलेला आहे. वस्तुतः नर लागतो तो अंडे फळण्यासाठी. खाण्याच्या अंड्यांपुरता विचार केला तर कोंबडा केवळ दाणे खातो आणि दाट वस्तीत पहाटे चार वाजता शेजारधर्माची परीक्षा पाहतो.

बाजारात टोपलीतून जी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले मुलांना भुरळ घालतात ती कधीही घेऊ नयेत. ती बहुधा अंड्यांच्या जातींतील नको असलेली नर पिल्ले असतात. त्यांना लस दिलेली नसते आणि आठवडाभरात त्यातील बरीच मरतात. नवशिक्याने आठ ते दहा आठवड्यांच्या, लस टोचलेल्या तलंगा सरकारी केंद्रातून घ्याव्यात. बराकपूरच्या उत्तरेस नदिया जिल्ह्यात हरिणघाटा येथे जुने पशुधन क्षेत्र आहे. 'हरिणघाटा ब्लॅक' ही तेथील नावाची काळी, काटक कोंबडी देशाच्या मान्य जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्रात पुणे, नागपूर व कोल्हापूर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत.

जातीची निवड ही आवडीपेक्षा हिशेबाची बाब आहे. ऱ्होड आयलंड रेड ही तांबूस रंगाची अमेरिकी जात चांगल्या खाद्यावर वर्षाला २०० च्या आसपास अंडी देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराजा याच्या निम्म्याहून थोडी अधिक देते. निव्वळ देशी कोंबडी ६० ते ८० अंडी देते, पण खुडूक होते, पिल्ले वाढवते आणि मांजराच्या चाहुलीने झाडावर चढते. आता खाद्याचा हिशेब पाहू. बंदिस्त राहणाऱ्या कोंबडीस दिवसाला सुमारे ११० ग्रॅम तयार खाद्य लागते. सहा कोंबड्यांना महिन्यास साधारण २० किलो. महिन्याला १०० अंडी मिळाली तर एका अंड्यामागे २०० ग्रॅम खाद्य पडले. उलट सहा देशी कोंबड्यांना पुरेसे मोकळे परस असेल आणि प्रत्येकीस केवळ ३५ ग्रॅम दाणा वरून दिला, तर महिन्यास सव्वासहा किलो दाण्यावर ३० अंडी मिळतील. म्हणजे खर्च अंड्यामागे जवळजवळ तेवढाच. आपल्या गावच्या भावाने वाचकाने गुणाकार करून पाहावा. सर्व खाद्य विकत आणणाऱ्यास घरचे अंडे बाजाराहून स्वस्त पडेलच अशी आशा धरता येणार नाही. लाभ आहे तो ताजेपणाचा, आणि जेथे परस मोठे आहे तेथे अन्यथा वाया जाणाऱ्या किडामुंगीचे व तणाचे अन्न होते त्याचा.

खुराडे

जागा उंचवट्याची निवडावी. गंगेच्या मुखाकडील या सपाट प्रदेशात वर्षाला सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पाणी लवकर ओसरत नाही. म्हणून खुराड्याची जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान हातभर उंच असावी. प्रत्येक कोंबडीस आत दोन चौरस फूट जागा पुरे होते. बाहेर फिरण्यास जितकी देता येईल तितकी द्यावी. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी म्हणजे ऊन आत घुसत नाही. खालची हातभर भिंत पक्की आणि तिच्या वर छपरापर्यंत जाळी, अशी रचना उत्तम. छपराची वळचण तीन फूट पुढे असावी. चैत्र-वैशाखात सायंकाळी अकस्मात येणारी वावटळ व पाऊस, ज्याला तिकडे कालबैसाखी म्हणतात, तो आडवा मारतो. नदीकाठच्या ताग गिरण्यांमुळे गोणपाट या भागात सहज मिळते. त्याचे पडदे करून वादळाच्या वेळी सोडावे व नंतर गुंडाळून ठेवावे. पडदे कायम सोडून ठेवणे हा नवशिक्यांचा आवडता अपराध आहे.

जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. मुंगूस आणि उदमांजर ही दोन्ही जनावरे बंगालच्या गावांत घराशेजारीच वावरतात, तर घुशी जमिनीखालून येतात. त्यासाठी जाळी जमिनीत वीतभर पुरून बाहेरच्या अंगास वळवावी. दार दररोज सूर्यास्ताला स्वतः लावावे. एका रात्रीची हयगय सहाही कोंबड्यांना पुरते, कारण मुंगूस एक मारून थांबत नाही.

जमिनीवर चार बोटे जाडीची भाताच्या तुसाची गादी घालावी. गादीची परीक्षा सोपी आहे. मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडावी. ते सुटून पसरले तर ओल बरोबर आहे, गोळा होऊन राहिले तर ओल जास्त. ओल्या गादीत विष्ठेचे विघटन होऊन अमोनिया सुटतो आणि कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात. आपण वाकून आत डोके घातले असता नाकास झोंबले तर समजावे की, कोंबड्या रात्रभर तेच हुंगीत आहेत. गादी आठवड्यातून दोनदा खालीवर करावी, ओला भाग काढून टाकावा आणि पावसाळ्यात थोडी चुन्याची भुकटी मिसळावी. काढलेली गादी ताजी झाडांना घालू नये; खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवून मग वापरावी.

उष्मा आणि ओल

या विषयाकडे विशेष लक्ष देणे जरूर आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. हवा थंड असते तेव्हा तुरा, गळ्याखालची लोंबती कातडी व पाय यांतून उष्णता बाहेर पडते. हवेचे तापमान ३० च्या वर गेले की हा मार्ग अपुरा पडतो. मग कोंबडी पंख अंगापासून दूर धरते आणि चोच उघडून धापा टाकू लागते. धापेबरोबर श्वसनमार्गातील पाण्याची वाफ होते, आणि प्रत्येक ग्रॅम पाण्याची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. कोंबडीचा हाच घाम होय.

आता नागपूर व बराकपूर यांची तुलना करा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४४ वर जातो, परंतु हवा कोरडी असते. पाण्याची वाफ झपाट्याने होते. तेथे ओले गोणपाट जाळीवर टांगल्यास आतली हवा खरोखर निवते. बराकपूरचा पारा ३७-३८ वर थांबतो, पण हवेत आधीच इतके बाष्प असते की धापेतून फारशी वाफ होऊच शकत नाही. तेथे ओले गोणपाट टांगले आणि वारा कोंडला, तर आपण कोंबडीच्या मदतीस न धावता तिच्या अडचणीत भर घालतो. पारा कमी असूनही तेथील कोंबडी अधिक हवालदिल दिसते याचे कारण हे. दमट प्रदेशात उपाय तीन : सावली, वाहता वारा आणि थंड पाणी. खुराड्यावर झावळ्या पसराव्यात किंवा दुधी-भोपळ्याचा वेल चढवावा. पाण्याचे मातीचे भांडे सावलीत ठेवून दुपारी दोनदा बदलावे. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी या दिवसांत दुप्पट पाणी पिते. दाणा पहाटे व सायंकाळी द्यावा, कारण अन्नाच्या पचनातूनही उष्णता निर्माण होते आणि ती भर दुपारी नको.

उन्हाळ्यात अंड्यांची कवचे पातळ होतात. याचाही संबंध धापेशी आहे. धापेमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. कवच हे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. रक्तातच कार्बोनेटाची वाण पडली की कवच नीट चढत नाही. पातळ कवच दिसताच औषधाच्या दुकानाकडे धावण्याऐवजी प्रथम सावली वाढवून पाहावी.

अंडे कसे तयार होते

बीजकोशातून बलक सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे २५ तास लागतात. त्यांपैकी २० तास एकट्या कवचावर खर्च होतात. म्हणूनच चांगली कोंबडीही रोज थोडी थोडी उशिरा अंडे घालते आणि काही दिवसांनी एक दिवस चुकवते. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. कवच बहुतांशी रात्री चढते. त्या वेळी पोटात पुरेसा चुना नसेल तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढते. यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत सतत ठेवावा. सायंकाळी कोंबड्या तो आपण होऊन टिपतात. खाद्यात मिसळण्याची गरज नाही. ज्या कोंबडीस हवा ती घेते.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असावीत. तांदळाच्या कण्या व कोंडा बंगालात स्वस्त आहेत, पण केवळ त्यांवर ठेवलेली कोंबडी जगते आणि अंडी देत नाही. जोडीस पेंड, सुकटीची पूड, हिरवा पाला हवा. पेंड व मका यांबाबत एक इशारा आवश्यक आहे. दमट हवेत त्यांवर बुरशी चढते आणि काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर आघात करते आणि उन्हात वाळवून नाहीसे होत नाही. म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावे आणि कुबट वास आला तर ते खताच्या खड्ड्यात टाकावे. फुकट गेले म्हणून हळहळ वाटली तरी कोंबड्यांना घालू नये.

प्रकाशाचाही अंड्यांशी संबंध आहे. दिवस १४ ते १६ तासांचा असला की अंड्यांस जोर येतो. बराकपूरला जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरात पावणेअकरा तासांचा असतो. थंडीत अंडी घटली तर पहाटे एक लहान दिवा लावून दिवस लांबवता येतो. पण घरच्या सहा कोंबड्यांना थोडी विश्रांती मिळाली तर काही बिघडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रोग

परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू मानमोडी हा होय. जगात त्यास न्यूकॅसल रोग म्हणतात. आपल्याकडे कुमाऊँमधील गावावरून त्याचे नाव 'राणीखेत' पडले. १९२० नंतरच्या दशकात तो प्रथम ओळखला गेला. हिरवट हगवण, घरघर, मान वाकडी होणे आणि एक-दोन दिवसांत मृत्यू ही त्याची लक्षणे. लस नसलेल्या खुराड्यातील जवळजवळ सर्व पक्षी तो नेतो. यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, महिन्याभराने पुन्हा तसाच, आणि आठ आठवड्यांनंतर पंखाखाली टोचून अधिक जोरकस लस, असा क्रम पशुवैद्य सांगतात. दुसऱ्या व तिसऱ्या लशीची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

लशीत एक व्यावहारिक अडचण आहे. कुपी १०० किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून लोक लसच देत नाहीत, आणि मग सबंध आळीच्या कोंबड्या एका आठवड्यात मरतात. शेजारच्या पंधरा-वीस घरांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकास बोलवावे. कुपी बर्फातच आणावी. उन्हात तापलेली लस टोचणे आणि पाणी टोचणे यांत फरक नाही.

पावसाळ्यात तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. तिचे सूक्ष्म बीज विष्ठेतून बाहेर पडते तेव्हा निरुपद्रवी असते; ओल व ऊब मिळाल्यावर एक-दोन दिवसांत ते संसर्गक्षम होते. गादी कोरडी ठेवण्यावर वर एवढा भर दिला तो यासाठीही.

बर्ड फ्ल्यूविषयी मात्र धीटपणा कामाचा नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे त्याचा भारतातील पहिला उद्रेक नोंदवला गेला. २००८ च्या जानेवारीत तो पश्चिम बंगालात बीरभूम जिल्ह्यात दिसला आणि झपाट्याने इतर जिल्ह्यांत पसरला. त्या वेळी रोग मोठ्या व्यापारी शेडपेक्षा परसातल्या पक्ष्यांतच अधिक होता. सुमारे ४० लाख पक्षी नष्ट करावे लागले, आणि ज्या घरी दोनचार कोंबड्या हीच गृहिणीची गाठीची मिळकत होती त्या घरची मिळकत एका दिवसात गेली. तळ्यावरची बदके हा विषाणू कित्येकदा आजारी न पडता अंगावर वागवतात. बंगालात तर घरोघर पुकुर म्हणजे तळे आणि तळ्यात बदके. म्हणून कोंबड्यांना तळ्याचे पाणी पाजू नये आणि बदकांबरोबर एका खुराड्यात ठेवू नये. एकाएकी अनेक पक्षी मेले तर त्यांना हात लावू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये, उरलेले विकू किंवा वाटू नयेत आणि त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्यास कळवावे. उरलेले पक्षी वाचावेत म्हणून बातमी दडवण्याचा मोह होतो. हा विषाणू क्वचित माणसासही होतो आणि तेव्हा तो फार घातक ठरतो, हे ध्यानी घेता दडवणाऱ्याचे स्वतःचे घर सर्वाधिक धोक्यात येते. एरवीही कोंबड्यांत काम केल्यावर साबणाने हात धुवावेत आणि अंडी, मांस पुरते शिजवून खावे.

पिल्ले काढावयाची असल्यास

पहिल्या वर्षी हा खटाटोप न करणे बरे. तरीही एखादी कोंबडी खुडूक झालीच आणि मुलांचा आग्रह असला, तर कोंबडा असलेल्या घरून फळलेली अंडी आणून तिच्याखाली दहा-बारा ठेवावीत. ती आठवड्याहून जुनी नसावीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा अधिक नको. सातव्या रात्री अंधारात विजेरीसमोर धरल्यास फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसतात. स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावीत. अठराव्या दिवसानंतर हात लावू नये. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. अंगात शोषलेल्या बलकावर ती दोन दिवस निभावतात, तेव्हा पहिल्याच तासात कणी भरवण्याची घाई नको.

आईविना पिल्ले वाढवावयाची तर दिव्याची कृत्रिम दाई लागते. पहिल्या आठवड्यात तिच्याखाली ३५ अंश उष्णता असावी आणि पुढे दर आठवड्यास तीन अंशांनी कमी करावी. तापमापक नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला पळून चोची उघडून बसली तर उष्णता जास्त आहे. सर्वत्र सारखी विखुरली असतील तर दिवा योग्य उंचीवर आहे. अशा पिल्लांपैकी साधारण निम्मे नर निघतात. त्यांचे पुढे काय करावयाचे हे अंडी मांडण्यापूर्वीच घरात ठरलेले असावे.